संध्याकाळची दाढदुखी

मनाच्या डॉक्टरकडे कामाला असलं की किस्से साठवावे लागत नाहीत. दाराशी स्टूल टाकून नुसतं बसायचं, ते आपोआप जिना चढून येतात, पंख्याखालची जागा पकडतात आणि आपला नंबर होऊन गेला तरी आपल्या डोक्यातून उठत नाहीत! घरी मिस्टर म्हणतात, "क्लिनिकचं घरी आणत जाऊ नकोस." आणि मग आमटी वाढून घेताना स्वतःच विचारतात, "आज काय झालं गं?"

पेशंटचे किस्से मी सांगणार नाही. ते सांगायचे नसतात, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलंय. पण डॉक्टरांचे सांगू नको, असं म्हणायला ते विसरले! म्हणून हे सगळे आमच्या डॉक्टरांचे आणि आमच्या मॅडमचे किस्से. त्यात एक पेशंट मात्र येते, शीतल. तिला मी आधी विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिहा की. पण मला गोरी लिहा."

तर शीतल गोरी आहे.

* * *

आमचं क्लिनिक भाईंदर पूर्वेला, पिठाच्या गिरणीच्या वर. सकाळी तिथं शहा डॉक्टर दात बघतात, संध्याकाळी आमचे सबनीस डॉक्टर मन बघतात. जागा तीच, बाकडी तीच, भिंतीवरचं दातांचं चित्रही तेच. खाली बोर्ड मात्र फक्त दातांचा. मनाचा बोर्ड लावला तर जिना चढणार कोण? शेजारीपाजारी बघतात, नात्यातलं कोणी स्टेशनवरून येताना दिसतं. मग मुलीचं लग्न जमत नाही, नवऱ्याच्या ऑफिसात कळतं, नाना भानगडी.

म्हणून संध्याकाळी आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस गालाला हात लावून जिना चढतो. कोणी शिकवलेलं नाही, पण सगळ्यांना सुचतं! झोप न लागणारे, सारखे हात धुणारे, सासूचा आवाज ऐकला की घाम फुटणारे, सगळ्यांची दाढ.

जिन्याच्या तोंडाशी गिरणीवाले रामजीभाई बसलेले असतात, भुवयांपर्यंत पिठानं पांढरे. ते प्रत्येकाला विचारतात, "दाढ?"

माणूस म्हणतो, "हं."

"जाव, जाव. अच्छा डॉक्टर है."

रामजीभाईंना काय ठाऊक नाही? दातांचे डॉक्टर दुपारीच घरी जातात, हे त्यांच्याएवढं कोणाला माहीत! पण ते विचारतात. विचारलं की वर जाणाऱ्याला वाटतं, चला, निभावलं.

मीपण अशीच चढले होते, कडेवर मनू, दुसरा हात गालाला. मनू झाल्यापासून मला एकच नाद लागला होता. ती झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून बघायचं, श्वास चाललाय ना. परत बघायचं. भाजी करपायची, दूध उतू जायचं, माझं बोट तिथंच. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "हं." गोळ्या दिल्या, मॅडमकडे बोलायला पाठवलं. थोडे दिवस गेल्यावर म्हणाले, "घरी बसून श्वास मोजण्यापेक्षा इथं बसून नंबर मोजा. आम्हाला दाराशी माणूस हवंच आहे. मुलीला घेऊन या."

सातवी झालेल्या बाईला कोण नोकरी देतं? मी दुसऱ्याच दिवशी स्टूलवर!

* * *

आता "हं"बद्दल सांगते. आमच्या डॉक्टरांचा चेहरा कोरा असतो. मुद्दाम कोरा. पेशंटनं कितीही भयंकर सांगितलं तरी भुवई हलू द्यायची नाही, नुसतं "हं" म्हणायचं. म्हणजे पेशंटला वाटतं, आपलं काही फार वेगळं नाही. मॅडम, म्हणजे आमच्या वीणा मॅडम, त्या गोळ्या देत नाहीत, नुसतं बोलून बरं करतात. त्या बोलतात, रागावतात, टेबलावर हात आपटतात. पण डॉक्टर? भिंत बोलेल, डॉक्टर नाही.

शीतल पहिल्यांदा आली ती पँट-शर्टात, गालाला हात लावून. नवघर गावातली, आगरी घरातली. नया नगरात एका टेलरकडे ब्लाउज शिवायची. घरातलं तिचं नाव वेगळं, मुलाचं, ते मी लिहिणार नाही. मुलगा म्हणून जन्मली, पण कळायला लागल्यापासून तिला ठाम माहीत होतं, मी बाई आहे. डॉक्टर त्याला एक लांबलचक इंग्लिश शब्द म्हणतात. तिचा त्रास तो नव्हता. तिचा त्रास असा की तिच्या बयनं (नवघरला आईला बय म्हणतात) घोडबंदरची एक मुलगी तिच्यासाठी पसंत केली होती. लग्न तर करायचं नाही, आणि का नाही ते बयला सांगायचं. सांगून बय आपली राहिली पाहिजे. एवढंच तिला डॉक्टरांकडून हवं होतं.

प्लायवूडचं पार्टिशन आहे, ऐकायचं नाही म्हटलं तरी येतं. शीतल बोलली आणि गप्प झाली. मी "हं"ची वाट बघतेय. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "चहा घेणार?"

मी स्टूलवरून पडायचीच राहिले! इतक्या दिवसांत डॉक्टरांनी पेशंटला पाणी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

चहा आला. ती परत थोडं बोलली. डॉक्टर म्हणाले, "अजून एक?" परत चहा. ती लग्नाच्या मुलीबद्दल बोलायला लागली तर आतून हाक, "अहो, चहा सांगा!"

शीतल गेल्यावर वीणा मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर, तिला आता ॲसिडिटी झाली तर तीपण आपणच बघायची का?"

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "मला काय बोलावं सुचेना हो. एवढी वर्षं शिकलो, हे पान आमच्या पुस्तकात अर्धंच होतं."

* * *

पुढच्या वेळी शीतल पिशवी घेऊन आली. मला म्हणाली, "ताई, आत साडी नेसू? तासभर तरी माझ्यासारखी बसते."

दातांचे साचे ठेवायची एक लहान खोली आहे, ती मी उघडून दिली. फळीवर सगळ्या प्लास्टरच्या बत्तिश्या. शीतल आतून ओरडली, "ताई, एवढे दात, पण मला हसत एकपण नाही!"

ती साडी नेसून डॉक्टरांसमोर गेली. बाई आत आल्या म्हटल्यावर डॉक्टर सवयीनं उठून उभे राहिले. मग त्यांना वाटलं, मागच्या वेळी आपण उठलो नव्हतो, आज उठलो तर तिला खटकेल. म्हणून बसले. मग वाटलं, उठून बसलो तर आणखीच वाईट दिसेल. परत उठले!

शीतल म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही बसा नाहीतर मीपण उभी राहते. पण आपण काहीतरी एक ठरवू."

* * *

वीणा मॅडमचं वेगळंच झालं. एरवी तोफ! पेशंट उशिरा आला की त्याची खैर नाही. एका बँकेतल्या साहेबांना त्यांनी असं झापलं होतं की ते पुढच्या वेळी अर्धा तास आधी येऊन जिन्यात बसले. पण शीतल समोर आली की मॅडमचा नुसता साखरेचा पाक.

"किती छान साडी!"

"किती छान बांगड्या!"

"पिशवी कुठून घेतली? छानच आहे!"

"आणि छत्रीपण छान!"

शीतल म्हणाली, "मॅडम, छत्री माझ्या बापाची हाय. तिची एक काडी मोडलीय."

मग शीतलच हळूच म्हणाली, "मॅडम, बाकीच्यांना तुम्ही ओरडता. मी बाहेर बसून ऐकते. मला कधी ओरडणार?"

त्यानंतर एकदा शीतल उशिरा आली. खूपच उशिरा. टेलरकडे लग्नसराईची गर्दी होती म्हणे. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि सुटल्या! "ही काय वेळ आहे? माझ्या वेळेला किंमत नाही? कामाचं कारण मला सांगायचं नाही, सगळेच कामं करतात!" बाहेर बसलेलेसुद्धा ताठ झाले.

तास संपला. शीतल बाहेर आली ती बक्षीस मिळाल्यासारखी. माझा हात धरून म्हणाली, "ताई, ऐकलंत? मॅडम मला ओरडल्या!"

* * *

बाकड्यावरचा एक किस्सा. शीतल साडी नेसून नंबरची वाट बघत होती. शेजारी एक काका येऊन बसले, बायकोबरोबर आलेले. थोडा वेळ त्यांनी तिरक्या डोळ्यांनी बघितलं, मग सरकले, मग अजून सरकले. बाकडं संपलं तसे उठून मॅडमच्या दाराशी गेले आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "त्यांना काय झालंय?"

मॅडम म्हणाल्या, "दाढ."

"दाढ? आणि आमच्या मिसेसना?"

"त्यांची पण दाढ. इथं सगळ्यांची दाढच असते. तुमची कशी आहे?"

काका येऊन जागेवर बसले. नंतर मी बघितलं तर त्यांचा हात आपोआप गालावर गेला होता!

* * *

डॉक्टरांना वाटलं, आपल्याला हे नीट जमत नाहीये, कोणातरी मोठ्याला विचारावं. म्हणून त्यांनी मुंबईहून आपल्या सरांना बोलावलं. सर म्हणजे डॉक्टरांचे डॉक्टर. पांढरे केस, हातात लेदरची बॅग. शीतलला आधी विचारलं होतं, ती हो म्हणाली होती. मीपण तपासायच्या पलंगाला नवी चादर घातली.

सर आत गेले आणि प्रश्न विचारायला लागले. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मी पुढचं ऐकलं नाही, मनूला घेऊन खिडकीशी गेले आणि तिला मिठागरावरचे बगळे दाखवत बसले. कारण सरांचा एकही प्रश्न कमरेच्या वर येईना! असं आहे का, तसं आहे का, काही करून घेतलंय का. एकदा तरी विचारावं, झोप लागते का? घाबरायला होतं का? आईला काय सांगायचं ठरवलंयस? नाही.

शेवटी शीतलचा आवाज आला, एकदम आदरानं. "सर, मनाचे डॉक्टर तुम्हीच ना?"

सर जोरात खोकले.

आणि आमचे डॉक्टर ओरडले, "चहा सांगा!"

* * *

आमच्याकडे शनिवारची एक पद्धत आहे. पेशंट संपले की डॉक्टर आणि मॅडम पेशंटच्या खुर्चीत आळीपाळीनं बसतात. ती खुर्ची थोडी डुगडुगते. आठवड्यात कोणत्या पेशंटबद्दल आपल्या स्वतःच्या मनात काय काय आलं, ते तिथं बसून खरं सांगायचं. पेशंटला काय होतंय ते नाही, आपल्याला काय होतंय ते! मॅडमचं म्हणणं, जेवणाआधी आपण हात धुतो, मग दुसऱ्याच्या मनात हात घालायच्या आधी आपलं मन धुवायला नको?

त्या शनिवारी डॉक्टर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "शीतलला बघितलं की मला भीती वाटते. तिची नाही. आपण काहीतरी चुकीचं बोलू आणि ही पोर परत कोणाकडेच जाणार नाही, याची."

मग मॅडम बसल्या. "मला तिच्या आईचा राग येतो. मुलगी काय बघते, लग्न काय ठरवते! आणि गंमत म्हणजे त्या बाईंना मी अजून बघितलेलंसुद्धा नाही."

मी पार्टिशनपाशी मनूला भात भरवत होते. डॉक्टर म्हणाले, "तुम्हीपण बसा."

"मी? मी काय डॉक्टर आहे?"

"रोज दारात तुम्हीच भेटता ना तिला? बसा."

मी बसले. खुर्ची डुगडुगली. मी म्हणाले, "मला त्या आईचीच काळजी वाटते. तिला वाटतंय पोराची दाढ दुखते. रोज मीठ-हळद लावत असेल. उद्या माझी मनू मोठी झाली आणि गालाला हात लावून माझ्यासमोरून गेली, तर मला तरी काय कळणार आहे?"

मनूनं भाताचं शीत डॉक्टरांच्या बुटावर टाकलं.

डॉक्टर म्हणाले, "हं."

* * *

मनूचाच एक किस्सा. तिला दात येत होते आणि तिनं सगळं क्लिनिक डोक्यावर घेतलं होतं. मी फिरवून दमले, खुळखुळा झाला, बिस्कीट झालं. लाईट गेलेली, पंखा बंद. मला वाटायला लागलं, हिला काही झालं तर नाही? शीतल नंबरला बसली होती. म्हणाली, "द्या इकडं."

मनूला खांद्यावर टाकून ती गुणगुणायला लागली. आधी हळू, मग जरा मोकळ्या आवाजात. एक ओळ म्हणायची, थांबायची, तीच ओळ परत उचलायची, जशी कोणी मागून साथ देतंय. असं गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. बाकड्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. मनूनं मान टाकली ती झोपलीच!

दार उघडून डॉक्टर बाहेर आले. झोपलेल्या मनूकडे बघून म्हणाले, "माझ्या गोळीनं एवढ्या लवकर कोणी झोपलेलं नाही." आवाजात हेवा होता, खोटं कशाला सांगू!

मग शीतलनं सांगितलं. तो धवला. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवला लागतो. हळदीपासून सगळे विधी धवलारीण गाऊन लावते, आणि तिच्या मागं एक बाई ओळ उचलते. गायचा फक्त बायकांनी. शीतलची बय पंचक्रोशीतली धवलारीण. लहानपणी शीतल तिच्या मांडीला टेकून बसायची, सगळे धवले तिथंच पाठ झाले. मग आवाज फुटला आणि बयनं तिला बायकांतून उठवून बाहेर मांडवात पुरुषांकडे पाठवलं.

"तेव्हापासून?" मॅडमनी विचारलं.

"तेव्हापासून मांडवाबाहेर उभी राहून ऐकते. बयच्या मागं उचलणारी हौसामावशी एका ठिकाणी नेहमी चुकते. मला बाहेर उभं राहून राग येतो."

मॅडम हसल्या आणि हसता हसता आत निघून गेल्या. त्यांना सर्दी झाली होती म्हणे. दोन मिनिटांत होणारी सर्दी मी तिथंच पहिल्यांदा बघितली.

* * *

आता शेवटचा.

घोडबंदरचे पाहुणे सुपारी फोडायला यायचे होते, आणि शीतलचं बयला सांगणं काही होत नव्हतं. दर वेळी ठरवायची, दर वेळी परत यायची. "आज बय खुशीत होती, कशाला सांगू. आज बय दमलेली होती, कशी सांगू." डॉक्टर म्हणायचे, घाई नको. मॅडम म्हणायच्या, उशीर नको. आणि बय घरी विचारायची, "आजपन दाढ?"

एवढे दिवस बरी न होणारी दाढ कोणत्या आईला झोपू देईल? एक दिवस सकाळी बय एकटीच गिरणीवर आली, सरळ शहा डॉक्टरांपुढे. माझ्या पोराच्या दाढेचं काय ते सांगा! शहा डॉक्टर भले माणूस, त्यांनी खरं ते सांगितलं. "माजी, इस नाम का हमारा कोई पेशंटच नहीं." बाहेर आल्यावर रामजीभाईंना त्या माउलीचा चेहरा बघवला नाही. म्हणाले, "शाम को आओ. शाम को दूसरा डॉक्टर बैठता है."

संध्याकाळी मी दार उघडते तर बय पायरीवर बसलेली. काष्ट्याचं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, मुठीत पदर. गालाला हात न लावता आमच्याकडे संध्याकाळी आलेलं ते पहिलं माणूस!

शीतल आली, साडीची पिशवी घेऊन. बयला बघितलं आणि भिंतीला टेकली. मी डॉक्टरांना आत जाऊन सांगितलं. डॉक्टर पांढरेफटक पडले आणि तोंड उघडलं. मी म्हटलं, "चहा सांगते."

सगळे आत गेले. बय बसेना. माझा हात धरून म्हणाली, "ही पोरवाली बाय हाय ना, हिला बसूं दे. मी एकटी न्हाय ऐकनार." म्हणून मीपण आत, मनू माझ्या कडेवर.

डॉक्टर म्हणाले, "बसा ना, शांतपणे बोलू..."

"मना आधी सांगा," बय म्हणाली. "कॅन्सर हाय का? खोटा बोलू नका. आमचे आळीत एकाचा असाच झाला. दाढ दाढ बोलला आन गेला. दातवाला सांगतो पेशंटच न्हाय. म्हंजे मोठा डॉक्टर लागला. माझा पोर मरतंय का?"

कोणालाच हे सुचलं नव्हतं. इतके दिवस सगळे विचार करत होते, बयला हे कसं झेपेल. आणि बय त्याहून केवढं मोठं उरावर घेऊन जिना चढली होती!

डॉक्टरांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी डॉक्टरांकडे. त्या दोघांच्या आधी शीतलच बोलली. "बय, मी मरत न्हाय. दाढ दुखतच न्हाय." आणि मग जे लहानपणापासून सांगायचं होतं ते सगळं, एका दमात, खाली बघून. लग्न का नको. पिशवीत काय असतं. आरशात काय दिसतं आणि काय दिसायला हवं.

बय ऐकत होती. सगळं संपल्यावर तिनं एकच विचारलं. "म्हंजे मराचा न्हाय ना?"

"न्हाय, बय."

आणि बयनं तिच्या गालावर अशी एक ठेवून दिली की मनू दचकली!

मॅडम ताडकन उठल्या. डॉक्टरांनी त्यांचा हात धरला.

"दाढ दुखते बोलतंस?" बय म्हणाली. "मी हळद लावतंय, लवंगा ठेचतंय, देवाला नवस बोलतंय! रातभर तुझा श्वास बघत बसतंय! ही घे. आता दुखू दे खरी!"

आणि मग बय खाली बसली आणि रडायला लागली. शीतल तिच्या पायाशी. श्वास बघत बसतंय म्हणाली तेव्हा माझं बोट मनूच्या नाकाशी गेलं होतं. मी ते काढलं.

चहा आला. कोणी घेतला नाही, त्याच्यावर साय धरली. बय तुकड्यातुकड्यानं बोलली. एकदा म्हणाली, "घोडबंदरवाल्यांना मीच न्हाय सांगन. त्यांची पोर तरी कशाला बुडवाची?" एकदा म्हणाली, "बापाला तू काय सांगू नको. मी सांगन. आज न्हाय." एकदा नुसतीच डोकं हलवत राहिली, आणि मला वाटलं, आता ही उठून जाणार.

ती उठली. शीतलच्या हातातली पिशवी घेतली, आतली साडी अर्धी बाहेर काढून बघितली, आणि नाक मुरडलं.

"ही असली साडी कोन नेसतं? नुसती चमकते." साडी परत कोंबली. "रविवारी राई गावात हलद हाय. हौसाचा घसा बसलाय, माझे मागं धवला उचलाला कोन न्हाय. माझे पेटीतला हिरवा पातळ नेस."

शीतल म्हणाली, "बय... बाया काय बोलतील?"

बयनं पदरानं आधी तिचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. "विचारल्या तं सांगू, दाढ दुखत होती, आता बरी हाय."

दोघी निघाल्या. पुढं बय, पिशवी तिच्याच हातात. मागं शीतल, लाल गालावर हात. या जिन्यावरून खऱ्या दुखऱ्या गालानं संध्याकाळी उतरलेली ती एकटीच. खाली रामजीभाईंनी गिरणीचा पट्टा थांबवून बघितलं आणि या वेळी काही विचारलं नाही.

मॅडमना परत सर्दी झाली होती. मी मनूला घेऊन खिडकीशी उभी राहिले, दोघी नवघरच्या रस्त्याला लागेपर्यंत. वळून बघते तर डॉक्टरांची खुर्ची रिकामी. चष्मा टेबलावरच. बाहेर बाकडंभर पेशंट बसलेले, आणि डॉक्टर त्यांच्यामधून वाट काढत, रुमालानं अर्धा चेहरा दाबून, घाईघाईनं जिना उतरत होते.

खालून रामजीभाईंचा आवाज आला. "अरे, डॉक्टरसाब! आपकी भी दाढ?"

डॉक्टर म्हणाले, "हं."